ऋण आणि उतराई

कचेरी सुटल्यावर एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर उभे राहिले की पलीकडे मैदानाची हिरवळ दिसते. १९११ साली याच मैदानावर मोहनबागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी गोऱ्या पलटणीला हरविले, हे बंगाली स्नेही अजून अभिमानाने सांगतात. ते ऐकताना मला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आठवतात. आणि त्यांच्या विजयापेक्षा त्यांच्या ऋणाचाच विचार मनात घोळत राहतो.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पदकाने गुरूचा विश्वास सार्थ झालाच होता. तरीही परतल्यावर त्यांनी कुस्त्या लढवून ती रक्कम फेडली.

समारंभांतून आपण उपकारकर्त्याच्या 'ऋणातच राहू इच्छितो'. किती सोयीची ही कृतज्ञता! खाशाबांना ती चैन मान्य नव्हती. फेडता येईल तेवढे आधी फेडावे. त्यानंतर जे उरते, तेच खरे ऋण. विश्वासाची परतफेड होत नाही. रुपयांची होते, आणि म्हणूनच ती टाळण्यास सबब नाही.

खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे झाला, तो त्यानंतर १६ वर्षांनी. त्यांनी आपले देणे हयातीत फेडले. आपण मात्र, फेडता येण्याजोगे होते तेही, घेणारा हात उरला नाही तेव्हा पुढे केले.