पुस्तक वाचायचं ते कुणाच्या बाजूनं?

पुस्तक वाचणं ही निरुपद्रवी गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकं होती. आपल्याला अक्षर मिळालं तेच भांडून. म्हणून आपण कसं वाचतो आणि वाचलेल्यावर काय लिहितो, हा आपल्यासाठी आवडीनिवडीचा प्रश्न नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

आपल्या खारेपाटणचंच उदाहरण घ्या. इथं शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला. शके 930, म्हणजे इसवी सन 1008 चा. एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी तो प्रसिद्ध केला. जांभेकर जवळच्याच पोंभुर्ल्याचे. 1832 साली 'दर्पण' काढणारे. या ताम्रपटामुळं दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ कळली, म्हणून इतिहासात त्याला मान. पण त्याच पत्र्यावर आणखीही कोरलंय. राजानं शिवमंदिरासाठी आचार्याला गावं दिली, गलबतांवरचं सोनं दिलं, आणि दासींची, तेल्यांची, माळ्यांची, कुंभारांची, धोब्यांची कुटुंबंही दिली. माणसं दान दिली! राजाच्या दहा पिढ्या नावानिशी आल्या. ही माणसं आली ती धंद्याच्या नावानं.

पत्रा एकच. कुणी वंशावळ वाचतो, कुणी दान दिलेली कुटुंबं वाचतो. खोटं कुणीच वाचत नाही. पण 'मी तटस्थ आहे' म्हणत जो वंशावळीपाशीच थांबतो, त्यानं बाजू घेतलेलीच असते. फक्त ती कबूल करायची त्याची तयारी नसते.

बाजू घेऊन वाचायचं म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी दाखवून दिलंय. 1918 साली त्यांनी बर्ट्रांड रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. तेव्हा ते जेमतेम सत्तावीस वर्षांचे. रसेल जगभर गाजलेला. बाबासाहेब ना त्याच्यापुढं वाकले, ना त्याला झोडपत बसले. पुस्तकातलं मोठेपण मान्य केलं आणि जिथं पटलं नाही तिथं थांबून वाद घातला. रसेल धनलोभाला दोष देतो. बाबासाहेब सांगतात की जेव्हा जगात पुरेसं पिकतच नव्हतं, तेव्हा दारिद्र्याची थोरवी गाणारी नीती जन्मली. जे मिळत नाही ते वाईटच, असं ती मानायला लावते. आणखी एक. रसेल युद्धाच्या विरोधात आहे, म्हणून आपल्या देशातले निष्क्रियतेचे भक्त त्याला आपल्या सोयीनं वापरतील, हे त्यांनी आधीच ओळखलं. युद्धाला विरोध म्हणजे हातपाय गाळून बसणं नव्हे, असं त्यांनी बजावलं. परीक्षणकार नुसतं पुस्तक वाचत नाही, ते पुस्तक आपल्या समाजात शिरल्यावर काय करील, तेही वाचतो.

आता आपल्याकडं बघा. आपल्यातला एखादा पोरगा कवितासंग्रह काढतो. आपण 'दाहक', 'जळजळीत', 'ज्वालामुखी' असे चार शब्द लावतो आणि मोकळे होतो. तिकडं प्रस्थापित समीक्षक लिहितो, 'अनुभव अस्सल, पण कलेच्या बाजूनं कच्चे.' दोघांनीही पुस्तक वाचलेलं नसतं. एकानं जात बघून पाठ थोपटलेली असते, दुसऱ्यानं जात बघून मार्क कापलेले असतात. पाठ थोपटणाराही त्या पोराला बरोबरीचा मानत नाही. बरोबरीच्या माणसाशी आपण वाद घालतो.

'पण चारचौघांत आपल्याच माणसाचे दोष दाखवले तर शत्रूच्या हाती कोलीत मिळेल,' असं काही कार्यकर्ते म्हणतात. हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आपल्या एका चुकीवरून सगळ्या समाजाला नावं ठेवणारे टपलेलेच असतात. 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं तेव्हाही आपल्याच लोकांतून नाराजी उमटली होती: आपली अब्रू वेशीवर कशाला टांगली? पण झाकून ठेवल्यानं कुणाची अब्रू राखली जाते, हे विचारायला नको का?

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलतं करून त्यांचं काम त्यांनी नोंदवलं. हे काम त्यांना करावं का लागलं? चळवळीचा इतिहास आपण पुढाऱ्यांच्या नावांनी लिहीत होतो म्हणून. आपली वंशावळच! ताम्रपटाला जो प्रश्न आपण विचारतो, तोच या दोघींनी आपल्याला विचारला. तेव्हा कोलीत शत्रूच्या हाती गेलं नाही. उलट चळवळ होती त्याहून मोठी दिसली.

म्हणून मित्रांनो, परीक्षण लिहायचं तर आधी पुस्तक पुरतं वाचा. त्यात कुणाला नाव आहे, कुणाला नुसतं काम आहे, ते बघा. पुस्तक शत्रूचं असलं तरी त्याचं बळ मान्य करा, आपलं असलं तरी त्याची उणीव सांगा, आणि कारण देऊन सांगा. शक्य झालं तर पुस्तक ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यासमोर, वाडीत, मोठ्यानं वाचा. शेतावरून दमून आलेली बाई मधेच म्हणाली, 'हे असं नव्हतं बाबा,' तर वही काढा आणि ते लिहून घ्या. तुमच्या परीक्षणातलं पहिलं वाक्य तिनं दिलेलं असेल.