सुतळी कुणी कापायची?

आमच्या गावात दर वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मैदानावर गाण्याची सभा भरते. गावात सभागृह आहे, पण त्याला भाडं पडतं. शिवाय उघड्यावर गाणं ऐकण्याची मजा वेगळीच, असंही आम्ही एकमेकांना सांगतो. दोन्ही कारणं खरी आहेत. दुसरं पहिल्यानंतर सुचलेलं आहे, एवढंच.

तीन वर्षांपूर्वीच्या सभेची गोष्ट. आधी मंडळाची बैठक झाली. गाणाऱ्या बाईंची उतरण्याची सोय, शाल-श्रीफळ, साउंडवाल्याचा अॅडव्हान्स, प्रायोजकाचा फलक मंचाच्या डावीकडे की उजवीकडे (यावर चाळीस मिनिटं गेली), असे विषय झाले आणि उठता उठता कुणाला तरी हवामान आठवलं. त्याने मोबाइलवरचा अंदाज वाचून दाखवला : तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस. ‘तुरळक म्हणजे आपल्याकडे नाही,’ चिटणीस म्हणाले. आम्ही हसलो आणि चहाचे कप खाली ठेवले. शब्दांचे अर्थ लोकांना समजावून सांगणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. मलाही तो अर्थ पटला.

हवामान खात्याच्या हिशेबात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत. ढोबळमानाने चार गावांतलं एक धरा. ते एक गाव आपलं नाही, असं चारही गावांतल्या मंडळांनी एकाच संध्याकाळी ठरवून टाकलेलं असतं.

बैठकीला मंडपवाले अण्णा आले होते. ते दारापाशी बसतात. खुर्ची दिली तरी दारापाशीच ओढून घेतात. आम्ही निघायच्या बेतात असताना त्यांनी विचारलं, ‘सर, वारं सुटलं तर वरचं कापड सोडा म्हणून मला कुणी सांगायचं?’

‘आम्ही सगळे आहोतच की,’ चिटणीस म्हणाले.

‘सगळे नको. एक नाव द्या.’

नाव काही दिलं गेलं नाही. गाडीपाशी पोहोचेपर्यंत मीही तो प्रश्न विसरलो होतो.

अण्णांनी पावसाचं नाव काढलं नव्हतं, वाऱ्याचं काढलं होतं, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. वळीव शिजतो तो दुपारी. सकाळी आभाळ लख्ख असतं. जमीन तापते, दमट हवा वर चढते, तीनच्या सुमाराला कापसाचे पुंजके दिसू लागतात आणि पाचपर्यंत त्यांचे डोंगर होतात. त्या डोंगराच्या पोटात पाऊस सुटला की तो आजूबाजूची हवा गार करतो. गार हवा जड. ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी दिशांना पसरते. पाण्याच्या थेंबाआधी काही मिनिटं धुळीचा लोट घेऊन येतो तो हाच वारा. म्हणजे वळवाची वेळ दुपार उतरल्यापासून दिवेलागणीपर्यंतची, आणि आमची सभा सहाची. शिवाय पावसाची तयारी म्हणून आपण काय करतो? वर ताडपत्री आणि जाड कापड बांधतो. पाण्याला आडोसा होतो आणि वाऱ्याला आयतं शीड मिळतं.

त्या दिवशी साडेपाचला तबलजी साउंड चेक करत होते. तबला सारखा उतरत होता. ते हातोडीने गठ्ठे ठोकून सूर मिळवायचे, दोन मिनिटांनी पुन्हा ठोकायचे. दमट हवेत पुडी सैल पडते, हे कुठल्याही तबलजीला ठाऊक असतं. ‘हवा फिरली,’ ते स्वतःशीच म्हणाले आणि बॅगेतला टॉवेल काढून डग्ग्यावर टाकला. मी पहिल्या रांगेत होतो. माझ्या मागे शे-दीडशे माणसं येऊन बसली होती. बहुतेक म्हातारी, कारण जागा धरायला तीच लवकर येतात. पश्चिमेला आभाळ जांभळं झालं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

अण्णा मंचासमोर आले आणि त्यांनी चिटणिसांना हाताने खूण केली. चिटणिसांनी उलट खूण केली : पाच मिनिटं. प्रायोजकांचं स्वागत व्हायचं होतं. अण्णांनी आभाळाकडे पाहिलं, मग मंडपाखाली बसलेल्या माणसांकडे. मग त्यांनी बांबूवर चढलेल्या पोराला हाक मारली, ‘काप रे.’

पोराने खिशातून पातं काढून सुतळ्या कापायला सुरुवात केली. एका बाजूने कापड सुटलं आणि रांगांवर येऊन पडलं. ओरडा झाला. कुणाचा चष्मा पडला, कुणाची पिशवी अडकली. ‘अहो, हे काय चाललंय?’ म्हणून चिटणीस माइकवरच ओरडले. लोक चिडून, हातांनी कापड बाजूला सारत शाळेच्या व्हरांड्याकडे निघाले. शेवटची आजी पायरी चढत असताना वारा आला. प्लास्टिकच्या खुर्च्या मैदानभर गडगडत गेल्या, कनातीची एक बाजू उखडून कुंपणावर जाऊन लटकली आणि एक बांबू वाकला. मग पाऊस. बारा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं.

गाणं रात्री नऊला व्हरांड्यात झालं. अर्धे लोक घरी गेले होते. ‘एवढ्याशा पावसासाठी एवढा तमाशा,’ असं दुसऱ्या दिवशी बाजारात चार जणांनी मला ऐकवलं.

कापड उतरलं नसतं तर मंडप पडला असता का? माहीत नाही. कुणालाच ते कधी कळणार नाही, आणि या विषयातला सगळा पेच तिथेच आहे. वेळेवर थांबवणाऱ्याच्या हाती पुरावा उरत नाही. त्याने टाळलेला अपघात झालेलाच नसतो. झालेली गैरसोय मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते.

क्वचितच कधी असं होतं, की थांबलेले आणि न थांबलेले एकाच आभाळाखाली सापडतात. १३ ऑगस्ट २०११ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात राज्याची वार्षिक जत्रा भरली होती आणि तिथल्या उघड्या मैदानात शुगरलँड या बँडचा कार्यक्रम होता. आधीच्या गायिकेचं गाणं संपलं होतं. वादळ येत असल्याचा इशारा आलेला होता. निवेदकाने माइकवरून लोकांना सांगितलं, की हवा बिघडते आहे, वेळ आली तर कुठून बाहेर पडायचं ते असं. पण कार्यक्रम होईल अशी आशा आहे. काही मिनिटांतच, रात्री ८ वाजून ४६ मिनिटांनी, वाऱ्याच्या एका झोताने मंचावरचा दिव्यांचा धातूचा सांगाडा प्रेक्षकांवर कोसळला. ७ माणसं गेली, ५०हून अधिक जखमी झाली.

तिथून साधारण २५ किलोमीटरवर कॉनर प्रेरी नावाच्या जागी त्याच संध्याकाळी इंडियानापोलिस सिंफनी ऑर्केस्ट्राची मैफल होती. तीही उघड्यावर, तीही भरलेली. तिथे लोकांना वेळेत सांगण्यात आलं, की आपापल्या गाड्यांत जाऊन बसा. लोक गेले. वादळ त्या बाजूलाही आलं आणि निघून गेलं.

दोन्हीकडे ढग एकच होता आणि त्याची खबरही दोन्हीकडे होती. जत्रेतल्या दुर्घटनेची पुढे चौकशी झाली. सांगाडा कमकुवत होताच. पण कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, हेही तिथे स्पष्ट नव्हतं. म्हणजे अण्णांचाच प्रश्न. सगळे होते, एक नाव नव्हतं. ‘सगळे आहोतच की’ हे वाक्य ऐकायला आपुलकीचं वाटतं. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहणार.

युरोप-अमेरिकेत मोठ्या मंचांवर आता वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवतात. अमुक वेगाला पडदे उतरवायचे, त्याच्या वर गेला की मंच आणि पुढची गर्दी रिकामी करायची, हे आकडे कार्यक्रमाच्या आधी कागदावर ठरतात. मला त्या यंत्रापेक्षा ‘आधी’ हा शब्द मोलाचा वाटतो. प्रायोजक समोर बसलेला, गायिका तयार, तिकिटं विकलेली, अशा वेळी कुणाही माणसाला ‘थांबा’ म्हणायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो शब्द थंड डोक्याने, रिकाम्या मैदानावर उच्चारून ठेवायचा असतो. विजेचं तसंच. गडगडाट ऐकू आला की आत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही, इतका साधा नियम. अर्धा तास हा आकडा आधीच मान्य असेल तर माइकवरच्या माणसाला कुणी शिव्या देत नाही.

उघड्यावरचं गाणं आणि पाऊस यांच्याभोवती आपण फार रम्य कथा विणल्या आहेत, हीही एक अडचण. त्यातली सर्वांत मोठी वुडस्टॉकची. ऑगस्ट १९६९, न्यूयॉर्क राज्यातलं एका शेतकऱ्याचं रान, लाखो तरुण, पाऊस आणि चिखल. त्या चिखलाला पुढे स्वातंत्र्याचा रंग चढला. पहिल्याच रात्री, १५ ऑगस्टला, पावसातच पंडित रविशंकर तिथे सतार वाजवून आले; तबल्याला उस्ताद अल्लारखा. रविशंकरांना पुढे त्या रात्रीबद्दल विचारलं की ते काही हरखून बोलत नसत. चिखलात बसलेली ती गर्दी पाहून त्यांना आपल्याकडच्या डबक्यात बसलेल्या म्हशी आठवल्या होत्या. सतारीचा भोपळा आणि तबल्याची पुडी सांभाळणाऱ्या माणसाला पाऊस वेगळा दिसतो. तो गच्चीवरून पाहणाऱ्याचा पाऊस नसतो.

इंग्लंडात ग्लॅस्टनबरीचा उत्सव जूनच्या शेवटी एका दुभत्या गाईंच्या शेतावर भरतो, १९७०पासून. तिथल्या चिकणमातीत १९९७ला, २००५ला, २०१६ला लोक घोट्या-घोट्यापर्यंत रुतले. ‘यंदा पाऊस पडेल का’ यावर तिथले जुने लोक फार वेळ घालवत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट पिशवीत टाकतात. आणि दर काही वर्षांनी एक वर्ष ते रान पडीक ठेवलं जातं. त्या वर्षी उत्सव नाही, गवत वाढतं, गाई चरतात. उत्सव रद्द झाला असं तेव्हा कुणी म्हणत नाही. थांबणं पंचांगातच लिहिलेलं असलं की ते कुणाला लागत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. (आमच्या मंडळापुढे हा विचार मांडला असता तर प्रायोजक सुटले असते.)

पण वळीव निदान हुलकावणी देतो. ऊन तेवढंही करत नाही. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर पुरस्काराचा सोहळा होता. गाण्याचा नव्हता, पण प्रश्न तोच. लाखो माणसं सकाळपासून येऊन उन्हात बसली होती. पारा ३८ अंशांच्या आसपास. विदर्भातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. १४ जण गेले. मंचावर सावली होती, मैदानावर नव्हती. एप्रिलच्या दुपारी मुंबईजवळ ऊन असणार, हे सांगायला उपग्रह लागत नाही. तिथे अंदाज चुकला असं कुणालाही म्हणता येणार नाही. मैदान आखताना सावली कुठवर न्यायची हे ठरवलं जातं. ठरवणारे बहुधा सावलीतच बसणार असतात आणि त्यांच्या त्वचेला त्या आखणीची चूक जाणवतच नाही.

त्या संध्याकाळी आमचे चिटणीस मंचावर होते. मंचाला पक्कं छत होतं. अण्णा मंडपाच्या कापडाखाली उभे होते. दोघांना एकच आभाळ दोन प्रकारे दिसलं, यात चिटणिसांची नियत वाईट होती असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कापडाखालीच होतो आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. तबलजीने टॉवेल टाकलेला पाहूनही.

आता बिलाचं. सभेनंतर आठवड्याने अण्णांनी बिल दिलं. त्यात शेवटी पेनने लिहिलेली एक ओळ होती : कापड फाटले, १८०० रुपये. बैठकीत चर्चा झाली. सुतळी कुणी कापली? अण्णांच्या पोराने. कुणाच्या सांगण्यावरून? अण्णांच्या. मंडळाने सांगितलं होतं का? नाही. मग भुर्दंड मंडळाने का सोसायचा? हिशेब बिनतोड होता. अण्णा दारापाशी बसून ऐकत होते. कुणीतरी मोठेपणाने ‘निम्मे देऊ’ म्हणालं आणि नऊशे रुपये मंजूर झाले. मी त्या बैठकीला होतो. इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलं आहे.

त्यानंतरच्या दोन वर्षी अण्णांनी आमचं काम घेतलं नाही. तारखा लागलेल्या आहेत, म्हणाले. यंदा मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, नातवाची चौकशी झाली, कापडाचा विषय दोघांनीही काढला नाही. परवा त्यांनी अंदाजपत्रक पाठवलं. नेहमीसारखंच आहे : बांबू, कनाती, सतरंज्या, खुर्च्या २००. तळाशी एक नवी ओळ आहे, या वेळी छापलेली. ‘वरचे कापड उतरवायचे की नाही हे मंडपवाला ठरवील. होणारे नुकसान मंडळाचे.’ खाली चिटणिसांच्या सहीसाठी जागा सोडली आहे.

बैठक गुरुवारी आहे. कागद माझ्या पिशवीत आहे.