अस्पष्ट अहवाल आणि तवक्कुल



छातीत कळ आली, धावपळ झाली, तपासण्याही झाल्या, पण डॉक्टर म्हणाले, "निश्चित सांगता येत नाही." अशा वेळी भीती सांगते, सारे संपले, निष्काळजीपणा सांगतो, काहीच झाले नाही. ईमानवंताचा मार्ग या दोहोंहून वेगळा आहे.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात नोंद आहे की, हजरत सअद (रजि.) आजारी असता प्रेषित मुहम्मद (स.) त्यांच्या भेटीस गेले. त्यांनी सअद यांच्या छातीवर हात ठेवला, विकार हृदयाचा असल्याचे सांगितले आणि त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे जाण्यास फर्माविले. साक्षात प्रेषितांचा हात छातीवर असतानाही वैद्य अनावश्यक ठरला नाही!

म्हणून जाणकारांना विचारा. विश्रांतीत काढलेला ईसीजी निर्दोष असूनही हृदयाची रक्तवाहिनी अरुंद असू शकते. ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागू शकते. पुढील तपासणी टाळू नका. जुने अहवाल सोबत न्या. पुन्हा कळ आली तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. उपाय करून निकाल अल्लाहवर सोपविणे, हेच तवक्कुल होय.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.