रिठावरचा मारुती

वऱ्हाडातली काही गावं फक्त तलाठ्याच्या दप्तरात उरली आहेत. मौजा आहे, गट नंबर आहेत, सातबारा आहे. घर एकही नाही. लोक अशा गावाला रिठ म्हणतात. कुठं दुष्काळानं, कुठं पटकीनं, कुठं पेंढाऱ्यांच्या लुटीनं माणसं उठून गेली. काळी मात्र पडीक राहिली नाही. शेजारच्या गावचे कास्तकार तिथं तूर-पराटी पेरतात. पांढरीवर नांगर फिरला की खापरं वर येतात, एखादेवेळी जात्याची फुटकी तळी. आणि निंबाखाली बहुधा मारुती असतो, अंगावर ताज्या शेंदराचा थर.

माणसं गेल्यावर गावाचा देव कुणाचा?

या प्रश्नाचा विचार अमरावती जिल्ह्यातच सातशे वर्षांपूर्वी झालेला आहे. रिद्धपूरच्या महानुभाव पंथीयांनी देवतांच्या मूर्ती नाकारल्या. पण ज्यांना ते ईश्वराचे अवतार मानत, ते चक्रधरस्वामी नि गोविंदप्रभू जिथं बसले, जेवले, निजले, त्या जागांवर ओटे बांधले, ‘स्थानपोथी’त त्या टिपून ठेवल्या. दगड म्हणजे ईश्वर नव्हे. त्याला ईश्वराचा संबंध घडला, म्हणून तो वंदनीय. तेच चक्रधर शिष्यांना एका गावी गुंतून राहू नका, असंही बजावत होते. आसक्ती सुटावी, संबंध राहावा, ही फार मोठी समज आहे.

त्या कसोटीवर रिठावरचा मारुती पोरका ठरत नाही. पेरणीआधी त्याच्यापुढं नारळ फुटतो, तोवर संबंध जिवंत आहे.

मेळघाटात मात्र तो तुटतो आहे. 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पुढं कुंड, बोरी, कोहा, वैराट, अकोटकडची गुल्लरघाट, केलपाणी अशी गावं उठली. 2008 मध्ये पुनर्वसनाचा दर कुटुंबामागं दहा लाख रुपये ठरला. वाघाला जंगल हवं, हे खरंच. पण इथल्या कोरकू आदिवासींचा गावदेव मुठवा आणि पूर्वजांचे मुंडे, म्हणजे चंद्रसूर्य कोरलेले लाकडी स्मृतिस्तंभ, यांचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा? ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये हाच धार्मिक प्रश्न ग्रामसभांपुढं ठेवला होता.

वाट निघू शकते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवासाठी हजारो भाविक याच जंगलात जातात. उठलेल्या प्रत्येक गावाला आपल्या मुठव्याकडं, आपल्या मुंड्यांकडं जायला वर्षातला एक दिवस हक्कानं मिळावा, आणि तो पुनर्वसनाच्या करारातच लिहिला जावा.