दोन खरी विधाने, एक अर्धसत्य

मोठी फाइल कॉपी करताना एसएसडी सुरुवातीला भरधाव धावते आणि मध्येच रखडते. याला बिघाड म्हणून मोकळे होता येत नाही. ती घडवलेलीच तशी असते. सॅमसंगची १ टीबीची ८६० क्यूव्हीओ घ्या. सेकंदाला ५२० एमबी लिहिण्याचा तिचा वेग पहिल्या ४२ जीबीपुरता, म्हणजे जेमतेम ८० सेकंद टिकतो. पुढे तो ८० एमबीवर येतो, साध्या हार्ड डिस्कहूनही बहुधा कमी. या ड्राइव्हच्या प्रत्येक सेलमध्ये चार बिट मावतात, पण त्यासाठी विद्युतभाराच्या १६ पातळ्या अचूक साधाव्या लागतात आणि त्यात वेळ जातो. म्हणून ती रिकाम्या सेलमध्ये आधी एकेकच बिट झटपट लिहून घेते. हीच तिची कॅशे. काम थांबले की तोच डेटा चार-चार बिटांत नीट रचला जातो. लिखाण सलग चालू राहिले, तर ही उसंतच मिळत नाही.

इथे प्रश्न तंत्राचा राहत नाही, सत्याचा होतो. १ टीबी ही क्षमता सेलमागे चार बिट धरून मोजलेली आहे, ५२० हा वेग एकच बिट धरून. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी. एकाच सेलविषयी एकाच वेळी मात्र नाहीत. जैन दर्शनातला स्याद्वाद नेमकी हीच दक्षता शिकवतो. विधान कोणत्या तरी अपेक्षेने, म्हणजे विशिष्ट दृष्टिकोनातून, खरे असते. तेवढीच बाजू संपूर्ण सत्य म्हणून पुढे केली की तो दुर्नय ठरतो.

कोणी म्हणेल, बहुतेकांचे रोजचे लिखाण ४२ जीबीच्या आतच आटोपते. खरे आहे, म्हणूनच मी ५२० ला खोटे म्हणत नाही. पण ड्राइव्ह भरत आली की ही कॅशे ६ जीबीपर्यंत आकसते. क्षमतेचे वचन पूर्ण वसूल करू जावे, तर वेगाचे वचन हातचे जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सगळेच सापेक्ष असेल तर ८० हा आकडाही सापेक्षच, मग दोष कुणाला द्यायचा? स्याद्वाद एवढी मोकळीक देत नाही. अपेक्षा सांगितली की विधान सैल होत नाही, उलट पक्के होते, कारण मग ते कोणालाही पडताळता येते. दोष आहे तो अपेक्षा गाळण्यात.

सॅमसंगने या ड्राइव्हच्या डेटाशीटमध्ये दोन्ही वेग दिले होते. प्रत्येक कंपनीने ते खोक्यावर, क्षमतेच्या शेजारीच छापावेत. तोवर एसएसडी घेताना कॅशे भरल्यानंतरचा वेग किती, हे दुकानदाराला जरूर विचारा.