वारं कुठलं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये तासगाव, कवठे महांकाळ भागात बेदाणा शेडवर एकच विचारणा असते: वारं कसं आहे? विचारणाऱ्याला वेगाशी फारसं देणंघेणं नसतं. वारं कोरडं आहे की दमट, हे त्याला हवं असतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षं जाळीच्या रॅकवर पसरली, की पुढे साधारण पंधरवडाभर ती सावलीत, वाऱ्यावरच वाळतात. हवा कोरडी असेल तर नुसती झुळूकही काम करते. आभाळ भरून आलं, हवेत ओल आली, की जोराचं वारंसुद्धा पुरं पडत नाही आणि माल काळा पडू लागतो.

याच कवठे महांकाळ तालुक्यात ढालगावच्या माळावर पवनचक्क्या उभ्या आहेत. साताऱ्याकडे चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवर त्यांच्या रांगाच रांगा. चक्कीला ओल-कोरडं सगळं सारखंच. सेकंदाला तीन-चार मीटर वेग मिळाला की वीज सुरू, पंचविसाच्या आसपास गेला की चक्की आपणहून थांबते. वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली ताकद आठपट होते. म्हणून तिची सुगी पावसाळ्यात, नैऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर घोंगावत असतात तेव्हा. बेदाण्याच्या शेड तोवर रिकाम्या झालेल्या असतात.

आता हवामानाच्या इशाऱ्यातली नेहमीची ओळ घ्या: ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाने वारे. म्हणजे सेकंदाला आठ ते अकरा मीटर. चक्कीसाठी हे उत्तम वारं, शेडवाल्यासाठी धावपळ. आकडा तोच.

वाऱ्याची नावंही अशीच गरजेतून येतात. ब्रीझ, गेल, गस्ट, स्क्वॉल असे शब्द इंग्रजीने वेगळे ठेवले, त्यामागे जहाजावरची गरज होती. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाऱ्याच्या शून्य ते बारा अशा पायऱ्या लावल्या, त्या जहाजाला किती शिडं पेलतील यावरून. वेगाचे आकडे त्यांना नंतर जोडले गेले. गस्ट आणि स्क्वॉल यांत तर मुख्य फरक टिकण्याचा: गस्ट काही सेकंदांत ओसरतो, स्क्वॉल निदान मिनिटभर नेट धरतो. शेडची ताडपत्री धरून उभ्या असलेल्या माणसाला हा फरक मनगटात कळतो. तो 'सोसाटा आला' म्हणतो तेव्हा वाऱ्याने काय केलं हे सांगत असतो, आणि मला ही नोंद आकड्याइतकीच मोलाची वाटते.

आर्द्रतेचा अंदाज कृषी हवामान पत्रिकेत असतोच. पण फोनवर येणाऱ्या तातडीच्या ओळीत वेग तेवढा उरतो. तासगावच्या शेतकऱ्याला इशारा द्यायचा तर वारं कुठल्या दिशेचं, ओल घेऊन येतंय का आणि साधारण किती वाजता, हेही त्याच ओळीत हवं. शेडचे पडदे कधी सोडायचे आणि रॅकवरचा माल आजच उतरवायचा का, हे त्याला त्यावरूनच ठरवावं लागतं.