कारभाऱ्याच्या समाधीपुढे



राज्याचा कारभार ज्याच्या हाती होता असा माणूस गेला, की आपले मन दोहोंपैकी एका वाटेने जाते. तो आपल्या बाजूचा असला, तर त्याचे चुकलेलेही बरोबर वाटू लागते. दुसऱ्या बाजूचा असला, तर 'सुटलो' असे आपण बोलत नाही, पण मनात येतेच. गळ्यातली माळ मात्र दोन्ही वेळा तीच असते. म्हणून विचारावेसे वाटते, की सत्ता भोगून गेलेल्या माणसाचे आपण काय देणे लागतो?

याचे उत्तर शोधायला पन्हाळ्यावर चला. कोल्हापूरहून गड चढून जाणारे बहुतेक लोक अंबरखाना, तीन दरवाजा, सज्जाकोठी पाहतात आणि परततात. याच गडावर रामचंद्रपंत अमात्यांची समाधी आहे, शेजारी त्यांच्या पत्नीची आहे. शिवछत्रपतींच्या 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी पंत अष्टप्रधानांतले तरुण अमात्य होते. पुढे 1689 मध्ये संभाजीराजे मारले गेले, रायगडाला वेढा पडला आणि राजाराम महाराज याच पन्हाळ्यावरून जिंजीकडे निघाले. जाताना महाराष्ट्राचा सगळा कारभार त्यांनी पंतांवर सोपवला आणि त्यांना 'हुकुमतपनाह' हा किताब दिला. राजा शेकडो कोस दूर आणि औरंगजेब दाराशी, अशा दिवसांत इथले राज्य ज्यांनी चालवले त्यांत पंत मुख्य होते. आजच्या भाषेत त्यांना राज्याचे पंतप्रधान म्हणावे लागेल. त्यांचा शेवट पन्हाळ्यावरच झाला. आणि एवढ्या माणसाची समाधी कित्येक वर्षे दगडमातीखाली झाकलेली राहिली. ती मोकळी झाली थेट विसाव्या शतकात.

हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, आणि वाटावेच. पण सत्तेचे असेच असते. थोरले बाजीराव 1740 मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला गेले, पुण्यापासून कितीतरी लांब. माधवराव 1772 मध्ये थेऊरला चिंतामणीच्या दारी गेले, ऐन तारुण्यात. लालबहादूर शास्त्री 1966 मध्ये ताश्कंदला गेले आणि त्यांचा देह दिल्लीला आणावा लागला. हुकूम सगळीकडे चालतो, पण कुठे मरायचे याचा हुकूम कुणालाच सोडता येत नाही, आणि मेल्यावर आपला दगड कोण झाडील याचाही नाही.

आता संतांकडे पाहा. नामदेवरायांची समाधी महाद्वारातल्या पायरीखाली आहे. भक्तांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ती जागा मागितली, असे परंपरा सांगते. देहूला तुकोबांची समाधीच नाही. पालखीत असतात त्या पादुका. ज्यांनी स्वतःसाठी काही राखले नाही त्यांच्या मागून लाखो माणसे चालतात. कारभाऱ्याला हे साधत नाही. त्याच्या हातात खजिना असतो, शिक्षा असते, तुरुंगाच्या किल्ल्या असतात. म्हणून त्याच्या मागे आठवणीबरोबर हिशेबही राहतो.

पंतांच्या मागेही तो आहे. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्ता पालटली. ताराराणी आणि त्यांचे पुत्र कैदेत पडले, राजसबाईंचे पुत्र संभाजीराजे गादीवर आले. ज्या ताराराणींच्या राज्यात पंतांनी वर्षानुवर्षे काम केले होते, त्या कैदेत आणि पंत नव्या गादीचे अमात्य! ताराराणींच्या वाड्याची जागा आणि पंतांची समाधी एकाच गडावर आहेत. एकीकडे हात जोडताना दुसरीकडे पाठ फिरवावी काय?

आणि याच नव्या गादीच्या नावाने पंतांनी आज्ञापत्र लिहिले. राजाने कसे वागावे, प्रधान कसा असावा, गड कसे राखावेत हे त्यात आहे. त्यातली झाडांविषयीची आज्ञा तुम्ही ऐकली असेल. आरमाराला लाकूड हवे असते, तरी रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्णच झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मग तोडावे. सत्तेच्या शिखरावर बसलेल्या माणसाला गरिबाच्या परसातल्या फणसाची आठवण राहिली, ही लहान गोष्ट नव्हे.

मग अशा माणसापुढे वाकावे की न वाकावे? माउली, याचे उत्तर आपल्या नित्याच्या आचारातच आहे. दिंडीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा समोरच्याचे आचरण तपासून पडतो काय? त्याने भावाची जमीन बळकावली असेल, सुनेला छळले असेल, आपल्याला ठाऊक नसते. तरी आपण वाकतो, आणि तोही वाकतो. आपला नमस्कार त्याच्यातल्या पांडुरंगाला असतो. ते त्याच्या वागण्याचे प्रशस्तिपत्र नसते. आणि पाया पडलो म्हणून त्याने बळकावलेली जमीन त्याची होत नाही.

हेच मेलेल्या सत्ताधीशाला लावून पाहा. त्याच्या समाधीपुढे वाकायला त्याचे सगळे मान्य असावे लागत नाही. आणि त्याच्या चुका सांगायला त्याची समाधी मातीखाली जाऊ द्यावी लागत नाही. नमस्कार त्या जीवाला. हिशेब त्या कारभाराचा. नमस्कारासाठी हिशेब खोटा केला, तर ज्यांनी सोसले त्यांचे दुसऱ्यांदा नुकसान होते. हिशेबासाठी नमस्कार नाकारला, तर नुकसान आपल्याच मनाचे होते. द्वेष तिथे घर करून बसतो आणि तो त्या मेलेल्या माणसाला पोचत नाही.

उद्या तुमच्या-माझ्या मताविरुद्धचा कोणी नेता जाईल. घरात बातमी लागेल, मुले तुमच्या तोंडाकडे पाहतील. तेव्हा आधी हात जोडा. मग त्याने काय बरे केले आणि कुणाला दुखवले, हे दोन्ही त्यांना सांगा. आणि पन्हाळ्यावर गेलात, तर दोन्ही ठिकाणी जा. पंतांच्या समाधीवरचा पाचोळा बाजूला करा, आणि ताराराणींच्या वाड्यापुढेही घटकाभर उभे राहा.

रामकृष्ण हरी.